बिनढालीचे ढालाईत

जुन्या इंग्रजी कादंबरीत, वसाहतकाळातल्या एखाद्या अहवालात किंवा संस्थेच्या संगमरवरी पाटीवर देणगीदाराच्या नावानंतर एक स्वल्पविराम येतो, मग ‘एस्क.’ अशी तुटकी अक्षरं आणि टिंब. पूर्ण शब्द ‘एस्क्वायर’. चौकस वाचक शब्दकोश उघडतो आणि तिथेच गोत्यात येतो. कोश म्हणतो, सरदाराची ढाल वाहणारा तरुण. पुढच्या ओळीत म्हणतो, नाइटच्या एक पायरी खालचा खानदानी गृहस्थ. त्याच्याही पुढे म्हणतो, पत्त्यावर पुरुषाच्या नावानंतर लावायचं आदराचं उपपद. आणि सरतेशेवटी, आधीचं सगळं कमी पडलं म्हणून की काय, अमेरिकेतला वकील. एकाच शब्दात ढाल, जमीनजुमला, टपाल आणि वकिली अशी चार दुकानं थाटलेली पाहून वाचक कोश मिटतो आणि ‘असेल कोणीतरी बडी असामी’ असं ठरवून पुढे सरकतो. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकतो. ज्याच्या नावाला हे शेपूट आहे तो बडा असेल, नसेल. त्या शेपटावरून खात्रीने एवढंच कळतं, की लिहिणाऱ्याला त्याला दुखवायचं नव्हतं. माझं म्हणणं असं, की या शब्दाचा अर्थ शोधायचा तर तो कोणाला लावला हे विचारण्याआधी कोणी लावला हे विचारावं. एस्क्वायर हे दुसऱ्याने म्हणायचं असतं. माणूस स्वतःच स्वतःला म्हणू लागला, की शब्द तोच राहतो आणि अर्थ फिरतो.

मुळात मात्र हा शब्द पक्का कामकरी होता. लॅटिनमध्ये ढालीला स्कूटम म्हणत आणि ढाल वाहणाऱ्याला स्कूटारियस. फ्रेंच तोंडांतून झिजत झिजत तो इंग्रजीत एस्क्वायर होऊन उतरला. आपल्याकडे त्याला ढालाईत म्हटलं असतं. नाइटची ढाल उचलायची, घोडा धरायचा, चिलखताचे पट्टे आवळायचे आणि मालक घोड्यावरून पडला की त्याला त्या लोखंडासकट उभा करायचा, अशी ही उमेदवारी. ती पुरी झाली की ढालाईताने नाइट व्हायचं असा क्रम होता. पण नाइट होणं म्हणजे खर्चाला आमंत्रण. घोडे स्वतःचे, चिलखत स्वतःचं, नोकरचाकर स्वतःचे, आणि राजाने हाक मारली की मरायला जायचं तेही स्वतःच. शहाण्या माणसांनी हिशेब मांडला आणि बढती नको म्हणून ते जन्मभर ढालाईतच राहू लागले. ही टाळाटाळ इतकी मुरली, की पहिल्या चार्ल्स राजाने 1630च्या सुमारास तिच्यातूनच उत्पन्न काढलं. जमिनीपासून वर्षाला 40 पौंड किंवा जास्त मिळत असताना जो राज्याभिषेकाच्या वेळी नाइट व्हायला हजर झाला नाही, त्याला दंड. नियम मध्ययुगातला, राजाने नुसती धूळ झटकली. आणि लोकांनी तो दंड भरला. पदवी मिळवायला पैसे मोजणारे सगळ्याच देशांत असतात. पदवी चुकवल्याचे पैसे मोजणारे इंग्लंडातच निघाले. ढाल तोवर केव्हाच माळ्यावर गेली होती, नाव तेवढं खाली राहिलं होतं.

त्या काळी या नावाला कायद्याचं वजन होतं, हे आधीच मान्य करतो. पाचव्या हेन्रीच्या अमदानीत 1413 साली असा कायदा झाला, की दाव्याच्या कागदात प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि त्याचं गाव नमूद केलंच पाहिजे. म्हणजे एस्क्वायरला नुसता ‘शेतकरी’ लिहिलं, तर समोरच्या वकिलाला दावा उडवून लावायला आयतं कोलीत. पुढे 1530पासून 1680च्या दशकापर्यंत राजाचे हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचा हिशेब ठेवणारे अधिकारी, परगण्यापरगण्यांतून फिरत, वंशावळी तपासत आणि ज्यांना पुरावा देता येईना त्यांची नावं ‘हे कुलीन नव्हेत’ म्हणून चारचौघांत जाहीर करत. ज्याने आयुष्यभर गावात मिशीला पीळ दिला, त्याची मिशी सरकारी खर्चाने खाली उतरवली जाई. शेक्सपिअरचीच गोष्ट घ्या. त्याच्या वडिलांना 1596 साली कुलचिन्ह मंजूर झालं आणि घराणं ‘जंटलमन’ ठरलं. 1616च्या मृत्युपत्रातही शेक्सपिअरच्या नावाला ‘जंट.’ एवढंच लावलेलं आहे. राजे, सरदार, विदूषक, भुतं सगळ्यांना ज्याने जन्माला घातलं, तो स्वतः एस्क्वायरच्या पायरीपर्यंत पोचला नाही. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या काळात शब्दाला खरोखर वजन होतं, त्या काळातही ते वजन करणारा तराजू ज्याच्या त्याच्या घरी नव्हता. तो हेरल्डच्या हाती होता, कोर्टाच्या हाती होता, राजाच्या हाती होता.

ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने 1765 साली आपल्या प्रसिद्ध भाष्याच्या पहिल्या खंडात या मंडळींची मोजदाद केली आहे. नाइटचे थोरले मुलगे आणि त्यांचे थोरले मुलगे, असे पिढ्यान्पिढ्या; उमरावांच्या धाकट्या मुलांचे थोरले मुलगे आणि त्यांचेही थोरले; राजाने सनद देऊन केलेले; आणि अधिकारपदामुळे झालेले, उदाहरणार्थ जस्टिस ऑफ द पीस. आपल्या वतनदारीच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही यादी वाचून परकं वाटणार नाही. थोरल्याच्या थोरल्याच्या थोरल्याला काय, आणि धाकट्याने कुठे जायचं, हा प्रश्न थेम्सकाठी आणि कृष्णाकाठी सारखाच. पण यादीतली शेवटची नोंद आपल्या दृष्टीने मोठी गमतीची आहे. 1832 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हिंदी माणसांना जस्टिस ऑफ द पीस होण्याची वाट मोकळी केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मुंबईत नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई अशी मंडळी त्या जागी आली. ब्लॅकस्टोनचा नियम अक्षरशः लावला, तर गिरगावातले दैवज्ञ शेटजी हे इंग्लंडच्या राजाचे ढालाईत झाले. नानांना ढालीचं काही कौतुक असण्याचं कारण नव्हतं. शाळा, कॉलेजं आणि आगगाडी यांतून त्यांना सवड कुठे होती? मुंबईत मात्र नावानंतर ‘जे. पी.’ ही दोन अक्षरं लावण्याची हौस पुढे कितीतरी दशकं टिकली.

गांधीजींचंही तेच. 1891 साली ते इनर टेंपलचे बॅरिस्टर झाले, आणि इंग्लंडात बॅरिस्टर म्हणजे एस्क्वायर, सॉलिसिटर म्हणजे नुसता जंटलमन, हा दंडक जुना. तेव्हा त्यांना ‘एम. के. गांधी, एस्क.’ असं पत्र लिहिणारा इंग्रज काही मेहरबानी करत नव्हता, नियम पाळत होता. ज्या साम्राज्याला हलवायचं त्याचंच हे बिरुद अंगावर. पण ते अंगावर घातलं होतं साम्राज्याच्या पोस्टाने. मराठीने मात्र इंग्रजांच्या या पेटीतून एस्क्वायर उचललाच नाही. तिने ‘बॅ.’ उचललं आणि ते नावाच्या आधी असं घट्ट बसवलं, की बॅ. नाथ पै किंवा बॅ. अंतुले ही नावं ‘बॅ.’ काढून उच्चारली, तर ऐकणाऱ्याला कोणी भलताच गृहस्थ वाटावा.

आता इथे शुद्धतावादी उभा राहणार. तो म्हणेल, म्हणजे शब्दाला नेमका अर्थ होता, यादी होती, नियम होते. पुढे सोम्यागोम्याला एस्क्वायर म्हणू लागले तो निव्वळ अडाणीपणा, आणि अडाणीपणाला तुम्ही अर्थ म्हणता. हा आक्षेप ऐकायला खणखणीत आहे. पण सोम्यागोम्याला एस्क्वायर कोणी केलं ते पाहिलं, तर त्यामागे अडाणीपणा दिसत नाही, चांगलं व्यवहारज्ञान दिसतं. समजा लंडनच्या एखाद्या शिंप्याच्या दुकानातला कारकून बिलं पाठवतो आहे. 1840 साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं, तेव्हा पत्रंही वाढली आणि ज्यांना कधी पाहिलं नाही अशी गिऱ्हाइकंही. समोर नाव आहे जॉन स्मिथ. हा स्मिथ ब्लॅकस्टोनच्या यादीतला थोरल्याचा थोरला आहे, की चहाच्या पेढीवरचा हिशेबनीस, हे कारकुनाला कसं कळणार? एस्क्वायर लिहिलं आणि तो नसला, तर स्मिथ आरशात पाहील, जरा ताठ बसेल आणि कदाचित बिल वेळेवर भरेल. लिहिलं नाही आणि तो असला, तर पुढचा कोट दुसऱ्या दुकानात शिवेल. एका बाजूला तीन अक्षरांची शाई, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक. कोणता शहाणा कारकून शाई वाचवेल? सगळ्या दुकानांतल्या सगळ्या कारकुनांनी हाच हिशेब केला आणि ढालाईतांची फौज वाढत गेली. एकही लढाई न होता एवढी सैन्यभरती दुसऱ्या कुठल्या देशात झाली नसेल.

आणि ही भरती बेशिस्त मुळीच नव्हती. यादी गेली, पण तिच्या जागी शिष्टाचाराचा काच आला आणि तो यादीपेक्षाही कडक निघाला. ‘मिस्टर जॉन स्मिथ’ लिहा किंवा ‘जॉन स्मिथ, एस्क.’ लिहा, दोन्ही एकदम लिहिलंत, तर तुम्ही गावंढळ. स्वल्पविराम विसरू नका. पत्ता पाकिटावर असेल तर एस्क., आत मजकुराला सुरुवात करताना ‘डियर मिस्टर स्मिथ’. तिथे एस्क्वायर आला, तर घोटाळा. तोंडी तर तो उच्चारायचाच नाही. ‘या, स्मिथ एस्क्वायर, बसा’ असं कोणी म्हणत नाही. लहान मुलाला ‘मास्टर’, लॉर्डाला आणि ‘सर’वाल्याला त्याचं स्वतःचं काय ते. हा शब्द राहत होता फक्त पाकिटाच्या दर्शनी बाजूला, म्हणजे जिथे लिहिणारा, पोस्टमन आणि दार उघडणारा नोकर यांचीच नजर आधी पडते अशा जागी. पाकीट फोडून टाकलं की त्याचं काम संपलं. लिहिणाऱ्याच्या हातून निघून वाचणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतच ज्याचा जीव, त्याला नुसत्या वाचणाऱ्याचा दर्जा मानून कसं चालेल?

मराठी वाचकाला हे पटवायला खरं तर इंग्लंडपर्यंत जायचं कारणच नाही. आपल्याकडे पत्राचा मायना नावाची एक पूर्ण विद्या होती. वडिलांना ‘तीर्थरूप’, शास्त्रीबुवांना ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, धाकट्याला ‘चिरंजीव’, आणि बाकी कोणाचं काय लिहावं हे सुचेना की ‘रा. रा.’. राजमान्य राजेश्री! राजाने ज्याला मान दिला, ज्याच्या ठायी राजाची श्री आहे, असा तो गृहस्थ. आता हे रा. रा. शंभरातल्या कितीजणांना राजाने मान दिला असेल? कित्येकांनी राजा पाहिलाही नसेल. राज्य गेलं, दरबार गेला, पेशवाई बुडाली, आणि तरी कोकणातल्या खोतापासून पुण्यातल्या मास्तरापर्यंत सगळे पोस्टकार्डावर राजमान्य होतच राहिले. त्याखाली ‘कृ. सा. न. वि. वि.’, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. लिहिणारा खुर्चीत बसून, पाय हलवत, पान चघळत अक्षरांतून साष्टांग घालतो आहे. आणि एवढं झाल्यावर मजकूर काय, तर ‘आमचे बाकीचे सात रुपये आठ दिवसांत न आल्यास’. पण हे सगळं उधळत असताना एक पथ्य कसोशीने पाळलं जाई. पत्राच्या शेवटी कोणी ‘आपला, रा. रा. गोविंदराव’ अशी सही करत नसे. ‘आपला नम्र’, ‘आज्ञाधारक’, फार तर नुसतं नाव. शीर्षभागी दुसऱ्याला राजा करायचं आणि तळाशी स्वतः सेवक व्हायचं. उत्तर येताना पालखी आपोआप उलट बाजूने येते. एस्क्वायरचा कायदाही नेमका हाच.

इंग्रजी साहित्याचा जाणकार इथे हसून एक पुस्तक पुढे करील. 1791 साली छापलेलं डॉ. जॉन्सनचं चरित्र. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर लेखकाचं नाव : जेम्स बॉझवेल, एस्क. ‘हा तर स्वतःच्याच पुस्तकावर स्वतःला एस्क्वायर म्हणतो आहे, आता काय म्हणता?’ म्हणतो असं, की पुस्तकाचं ते पान ही सही नव्हे, ती दुकानाची पाटी आहे. तिच्यावर पुस्तकविक्रेता गिऱ्हाइकाशी बोलतो आणि लेखक आत बसून ऐकतो. शिवाय बॉझवेल स्कॉटलंडातल्या जमीनदाराचा मुलगा, स्वतः वकील. ब्लॅकस्टोनलाही फारसं वावगं वाटलं नसतं. तरीही, बॉझवेलला ते पान पाहून गुदगुल्या झाल्या नसतील असं मी शपथेवर सांगणार नाही. पण हीच युक्ती थॅकरेने कशी उलटवली ते पाहा. त्याचा बॅरी लिंडन हा जुगारी, पळपुटा, बायकोच्या इस्टेटीवर डल्ला मारणारा भामटा, आणि तो आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगतो. 1856च्या आवृत्तीत थॅकरेने पुस्तकाच्या नावातच ‘बॅरी लिंडन, एस्क.’ यांच्या आठवणी, असं घातलं. भामट्याच्या आत्मचरित्रावर एस्क्वायर! त्या काळच्या वाचकाला विनोद समजावून सांगावा लागला नाही. डिकन्सने तर 1836 साली ‘पिकविक पेपर्स’च्या पहिल्याच प्रकरणात क्लबच्या सभेचा इतिवृत्तान्त दिला आहे. अध्यक्षस्थानी जोसेफ स्मिगर्स, एस्क., आणि त्यानंतर पी. व्ही. पी. एम. पी. सी.! तळटीप सांगते, क्लबचे कायमचे उपाध्यक्ष आणि सभासद. चार टाळकी जमून एकमेकांना एस्क्वायर करतात, शेपटाला अर्धी बाराखडी बांधतात आणि सभेची नोंद ठेवतात. आपल्या कुठल्याही मंडळाच्या अहवालात मानद सचिव, कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष यांची रांग पाहिलेल्या माणसाला डिकन्सला परदेशी का म्हणतात असा प्रश्न पडावा.

अमेरिकेचं प्रकरण याहून अवघड आहे आणि तिथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा होते. त्या देशाच्या राज्यघटनेने सरकारला उमरावी पदव्या देण्याची साफ मनाई केली. 1789 साली राष्ट्राध्यक्षाला काय म्हणावं यावर सिनेटात भलेमोठे किताब सुचवले गेले. शेवटी ‘मिस्टर प्रेसिडेंट’वर भागलं. अशा या काटकसरी देशात एस्क्वायर मात्र वकिलांच्या गळ्यात पडला आणि तिथेच राहिला. तो आता पुरुषापुरताही राहिलेला नाही; वकील बाई असोत की बुवा, नावानंतर एस्क. लावतातच. हा पुरुषांचाच मक्ता होता आणि त्याला स्त्रीचा अवतारच नव्हता ही इंग्लंडमधली जुनी खोट अमेरिकनांनी काहीही न बोलता मोडली, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलं पाहिजे. आता आक्षेप असा : तिथे शब्दाला पुन्हा एकदा नेमका अर्थ आला, एस्क्वायर म्हणजे वकील, मग ‘कोणी लावला’ हा प्रश्न उरतो कुठे? तो उरतो, आणि वकिलांच्याच वर्तुळात. दुसऱ्या वकिलाला पत्र लिहिताना पाकिटावर त्याला एस्क. लावणं हा तिथे बिनतक्रार शिष्टाचार आहे. पण स्वतःच्या सहीखाली, स्वतःच्या कार्डावर ते लावलं, तर तिथले शिष्टाचाराचे जाणकार नाक मुरडतात. म्हणजे अर्थ नवा झाला, देश नवा झाला, आणि शब्दाने आपली दिशा काही सोडली नाही. आपल्याकडच्या ‘ॲड.’ला ही अडचण नाही. तो पाटीवर आहे, लग्नपत्रिकेत आहे, स्कूटरच्या मागच्या नंबरप्लेटशेजारी आहे. त्याच्या जोडीला ‘इंजि.’, ‘आर्कि.’, ‘प्रा.’ आले. ही अक्षरं परीक्षा पास होऊन मिळतात, तेव्हा ती लावायचा हक्क कोणी नाकारत नाही. पण ज्या दिवशी नवरदेवाच्या नावाआधी ‘इंजि.’ छापलं जातं, त्या दिवशी ते कोणाला उद्देशून असतं? पूल बांधायला बोलावलेलं नसतं.

आणखी एक आक्षेप सगळ्यांत सज्जन, म्हणून त्याला आदराने उत्तर देतो. ही सगळी खोटी खुशामत आहे, माणसं समान आहेत, तेव्हा असले शब्द झाडून टाकावेत. झाडून पाहिलेत. फ्रेंच क्रांतिकारकांनी ‘मस्यो’ काढून सगळ्यांना ‘नागरिक’ केलं. पॅरिसमध्ये आज कोणत्याही दुकानात शिरा, मस्यो परत आलेला आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम 18ने लष्करी आणि विद्येच्या सोडून बाकी पदव्या बंद केल्या, रावबहादूर आणि खानबहादूर इतिहासजमा झाले, सरकारी कागदांवर सरसकट ‘श्री’ आला. चांगलंच झालं. पण मोकळी झालेली जागा कधी मोकळी राहिली का? श्रीच्या आधी ‘मा.’ आलं, ‘मा.’ ओशाळं वाटू लागलं तेव्हा ‘सन्माननीय’ आलं, आणि चौकातल्या फ्लेक्सवर तर वाढदिवसाच्या निमित्ताने दर आठवड्याला एकेक कार्यसम्राट गादीवर बसतो. या फ्लेक्सची मेख अशी, की खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून कार्यकर्त्यांची नावं असतात. म्हणजे बिरुद दुसऱ्याने दिलं हे दाखवायची लाज अजून शिल्लक आहे. छपाईचं बिल कोणी भरलं, हा प्रश्न ज्याचा त्याने मनात विचारायचा. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली भारतरत्न आणि पद्म सन्मानांबद्दल निकाल देताना जे सांगितलं ते या सगळ्या गोंधळावर चपखल बसतं : हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, आणि म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत. मिळवा, आनंदाने मिरवा, भिंतीवर लावा. नावाला चिकटवू नका. हेरल्ड मंडळींनी हा निकाल वाचला असता, तर उभं राहून टोप्या काढल्या असत्या.

खुशामत खोटी असते हे खरंच. पण एस्क्वायर निरुपयोगी का नाही, हे पाहायला जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’चं पहिलं पान पुरेसं आहे. सर वॉल्टर एलियट हा बॅरोनेट आपल्या घराण्याची नोंद असलेलं एकच एक पुस्तक पुन्हापुन्हा वाचतो. त्या नोंदीत त्याच्या सासऱ्यांचं नाव आहे : जेम्स स्टीव्हनसन, एस्क. ते छापणाऱ्याने घातलेलं. पण खाली सर वॉल्टरने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, धाकट्या मुलीच्या लग्नाची, आणि तीत व्याह्यांच्या नावानंतर न विसरता एस्क. लिहिलं आहे. हा माणूस स्वतःपलीकडे कोणाला मोजत नाही. मुलींनासुद्धा नीट मोजत नाही. मग व्याह्यांवर ही उधळण कशाला? कारण मुलगी दिली ती एस्क्वायरच्या घरी दिली, हे त्या पुस्तकात नोंदलं गेलं पाहिजे. व्याही उंच, तर आपण उंच. व्याह्यांची जमीन, अक्कल, स्वभाव यांतलं काहीही त्या तीन अक्षरांत नाही. सर वॉल्टर मात्र त्यांत पूर्ण सापडतो. ऑस्टिनबाईंनी त्याच्यावर टीकेचा एक शब्द खर्चण्याआधी तो आपल्याच लेखणीने उघडा पडला आहे, आणि हे ज्याला कळलं नाही त्याने कोशातले चारही अर्थ पाठ केले तरी त्या पानावरचा विनोद निसटतो. जुन्या पुस्तकात एस्क्वायर भेटला, की ज्याचं नाव आहे त्याच्याकडे पाहत बसू नये, लेखणी कोणाच्या हातात आहे ते शोधावं. मुंबईच्या जुन्या अहवालांतल्या, पारशी आणि मराठी शेटजींच्या नावांमागच्या एस्कलाही हीच किल्ली चालते. गोऱ्या कारकुनाने तो एकाला लावला आणि शेजारच्याला काहीच लावलं नाही, तर तेवढ्या फरकात त्या वर्षीचं सरकारी हवामान वाचता येतं.

आज हा शब्द इंग्लंडातही विरळ झाला आहे. त्याचं खापर लोक लोकशाहीवर फोडतात. मला वाटतं, तो संगणकावरच्या अर्जाने मारला. पूर्वी तुमचं उपपद दुसरा कोणीतरी ठरवत होता. आता विमानाचं तिकीट काढा, बँकेत खातं उघडा, वीजजोडणी मागा. नावाआधी एक छोटी चौकट येते, तिच्यावर बोट ठेवलं की यादी घरंगळत खाली उघडते, आणि यंत्र तुम्हालाच विचारतं, बोला, तुम्ही कोण? काही ब्रिटिश संकेतस्थळांवर या यादीत मिस्टर, मिसेस, डॉक्टर यांच्याखाली सर, लेडी, लॉर्ड, रेव्हरंड अशी पार धर्मगुरूंपर्यंतची मांडणी असते. एस्क्वायर तिथे सहसा सापडत नाही, आणि सापडून उपयोगही नव्हता. ‘मी राजमान्य राजेश्री’ या बटणावर कोण बोट ठेवणार? बाकीच्यांचं मात्र फावलं आहे. ज्याची बोटं जाड आणि पडदा लहान असा एखादा सरळमार्गी प्रवासी मिस्टर दाबायला जातो आणि क्षणात बिशप होतो. मग विमानतळावर पारपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळत नाही म्हणून त्याला रांगेतून बाहेर काढतात, आणि काउंटरवरची मुलगी अत्यंत आदराने त्याला विचारते, की फादर, नाव दुरुस्तीचे पैसे कार्डाने देणार का रोख?